दोरीपर्यंत हात

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

काल दवाखान्यातून घरी आले. कंपनीत रजा टाकलीय. सकाळी निषादने केस विंचरून दिले. नवऱ्याच्या हाताने भांग वाकडाच पडला, तसाच ठेवला. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत, एवढंच चालायचं. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. जड उचलायचं नाही, ढकलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही. व्यायामाचं सध्या नावही काढू नका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी कुठे काढलं होतं! ऑपरेशनच्या आधी एकदाच बोलले होते, की मला पळायचंय. त्यांनी लक्षात ठेवलं.

मारुंजीतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका सकाळी पळायला जातात. मी कधी गेले नाही. शाळेत पीटीच्या तासाला पोट दुखतं सांगून वर्गात बसायचे. छातीची डावी बाजू लहानपणी भाजली, ती वाढलीच नाही. उजवी वाढली. ओढणीत लपतं, पळताना लपत नाही. आता डाव्या बाजूला सिलिकॉन बसवलंय.

दुखतंय. आतून कुणी ताणून धरल्यासारखं. बास.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आईचा फोन. माहेरी, कासार आंबोलीत, फक्त तिला सांगितलंय. दादाला असलं सांगता येत नाही. दादा चांगला आहे, पण 'नसता नखरा' म्हणेल.

आईने विचारलं, आता सारखं दिसतंय का. म्हटलं, पट्टी आहे, अजून बघितलं नाही. मी रांगत होते तेव्हा आधणाचं पातेलं माझ्यावर उलटलं होतं. आई लाकूड आणायला वळली होती, तेवढ्यात. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. आज बोलली.

"भाजल्यापासनं तुला कधी घट्ट धरलं न्हाई मी. दुखंल वाटायचं. मग तू मोठीच झालीस. आता बरी होऊन ये. पोटाशी धरते."

कुणाला सांगू नकोस, असं मी तिला पुन्हा बजावलं. म्हणाली, व्हय गं.

२ डिसेंबर, सोमवार

आई गेली. पहाटे, गोठ्यात. हार्ट अटॅक.

निषादने गाडी खड्डे चुकवत हळू चालवली. मला वाटत होतं, चुकवू नये.

४ डिसेंबर, बुधवार. कासार आंबोली

आमच्याकडे दुखवट्याला बाई आली की उंबऱ्यातूनच गळा काढते आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडते. छातीला छाती लावून दोघी डुलत रडतात. आधी लेकीच्या, मग सुनेच्या.

मी भिंतीला पाठ लावून उभी. हात पोटाशी. कुणी माझ्याकडे वळलं की शुभांगीवहिनी मध्ये शिरतात, आलेल्या बाईला आपल्याच गळ्यात ओढतात आणि मोठ्याने रडतात. दर वेळी! आई माझी, आणि पुढे त्या. माझे टाके वाचले, बरं वाटायला हवं होतं. राग आला.

चुलती रंभाबाई अंगणात बोलली, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "सून रडतीया आन लेक पाव्हण्यावानी भिंतीला. कंपनीवाल्यांना रडायला बी रजा टाकावी लागत आसंल." एकदोघी हसल्या. दादानेही ऐकलं.

रडू मला येत नाही असं नाही. रडताना छाती हलते आणि टाके ओढतात, म्हणून थांबवते. मग थांबतंच.

११ डिसेंबर, बुधवार

दहावा झाला. सगळे नदीवरून आले. आंघोळीचं पाणी तापवायचं होतं. रंभाकाकी म्हणाली, हिला नका सांगू, हिचे हात मेंदीचे.

मी हंडा उचलला. भरलेला. अंगणातल्या नळापासून चुलीपर्यंत नेला. वहिनी धावत आल्या आणि सगळ्यांसमोर तो हिसकावून घेतला. "ठेवा वन्सं. तुमचं काम न्हाई ते."

माझं काम नाही! त्या या घरात यायच्या आधीपासून मी इथे पाणी भरलंय.

परत येताना गाडीत डावी बाजू जड लागत होती. निषादला सांगितलं नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

बाजू सुजली. आत पाणी झालं होतं, डॉक्टरबाईंनी सुईने काढलं. रागावल्या. आई गेल्याचं कळल्यावर रागवायच्या थांबल्या. ते जास्त लागलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून, खोली ते स्वयंपाकघर. प्रवास नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

आज तेरावा. मी इथे.

निषादने दादाला फोन करून सांगितलं, तिला बरं नाही. काय झालंय, ते सांगू नको असं मीच म्हटलं होतं. दादा म्हणाला, फोन तिला दे. दिला.

"आईच्या तेराव्याला आली न्हाईस. आता कशाला येऊ नको."

ठेवला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सोसायटीच्या आवारात फेऱ्या. सपाटीवर चालायचं, चढ नको. घट्ट आधाराची ब्रा घालायची, रात्रीसुद्धा. पळणाऱ्या बायका गेटमधून बाहेर पडल्या. एकीने हात केला. मीही केला, कोपरापासून.

दादाचा फोन नाही. मीही करत नाही. काय सांगू? भावाला सांगायची गोष्ट आहे का ही? आणि हे सांगितल्याशिवाय दुसरं काही सांगता येत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरबाई खूश. आता हात वर न्यायला हरकत नाही. भिंतीवर बोटं चढवत न्या म्हणाल्या. थोडं थोडं पळून बघा, दुखलं की थांबा. वजनं आणि छातीचे व्यायाम मात्र इतक्यात नाही.

घरी येऊन आरशात बघितलं. वण आहेच. पण सारखं दिसतंय. हे ज्या एका माणसाने विचारलं होतं, ते आता नाही.

भिंतीवर बोटं चढवली. खांद्यापर्यंत. पुढे नेली नाहीत. भीती नाही. कंटाळा. पळायचे बूट ऑपरेशनच्या आधी आणलेत, अजून खोक्यात आहेत. दोरीवर कपडे निषादच टाकतो.

९ फेब्रुवारी, रविवार

शुभांगीवहिनी आल्या. एकट्याच, पौडवरून दोन बस बदलून. आत आल्या नाहीत. दारातच विचारलं, "वन्सं, आता गळ्यात पडलं तर चालंल का?"

आईने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. लेक माहेरी आली की कुणाला तिच्या गळ्यात पडू देऊ नको, तिला जड उचलू देऊ नको, आन का ते तिला इचारू नको. दादाला त्यांनी आजपर्यंत सांगितलेलं नाही. आईने, त्यांच्या आत्याबाईंनी, शपथ घातली होती, म्हणाल्या.

दारातच रडलो. थोडं दुखलं. दादाला मीच सांगेन.

आईचं लुगडं ठेवून गेल्या. गोठ्याचा वास होता अजून. धुतलं. निषाद बाहेर गेला होता. गॅलरीत जाऊन दोन्ही हात वर नेले, दोरीवर टाकलं, आणि दोन्ही टोकं सारखी केली.