हवालदाराची गिनती

घाटकोपर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांना रुचिराचा सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. झकास बातमी! तुरुंग शिपायांच्या भरतीत माझं नाव लागलं! दहा तारखेला निवासी प्रशिक्षणाला हजर व्हायचंय. पण आईने घर डोक्यावर घेतलंय. हवालदार म्हणजे कैद्यांना बडवणारा, बाबा तुरुंगात हवालदार म्हणून शाळेत मला चिडवायचे, आता मुलीनेही तेच करायचं का, म्हणते.

मीही तुमचीच नात. वाचनालयात जाऊन शब्दकोश उघडला. हवाला म्हणजे सोपवणं, हा अरबी. दार म्हणजे धारण करणारा, हा फारसी. ज्याच्या हवाली काही केलं जातं, तो हवालदार! मारण्याचं त्यात नावही नाही. नाचत घरी आले, तर आई म्हणाली, तुझे आजोबा रोज संध्याकाळी कडी लावण्याआधी आम्हा भावंडांना कैद्यांसारखं भिंतीशी उभं करून मोजायचे. खरं का हो? आता तुम्हीच तिला समजवा.

तुमची लाडकी,
रुचिरा

कांदिवली, ६ फेब्रुवारी

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

शाब्बास गो चेडवा! तीस वर्षं ती वर्दी घातली, पण शब्दाचा अर्थ आज कळला. शेजारच्या धोंडूलाही बोलावून वाचून दाखवला.

काम मात्र तेच केलं. ड्युटी बदलताना बंदी मोजून ताब्यात घ्यायचे, मग सही. एकदा घाईत मी न मोजताच सही केली. एक कमी होता. पळाला नव्हता, तापाने बेशुद्ध होऊन हौदामागे पडलेला, तासाभराने सापडला. वाचला, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. तेव्हापासून घरीही मोजू लागलो. तुझ्या आईला तो अपमान वाटला. मला भीती वाटायची, हे तिला कधी सांगितलंच नाही. हे पत्र तिला दे.

पत्र पाठवत जा, म्हाताऱ्याला बरं वाटतं.

तुझा आजोबा,
सहदेव

घाटकोपर, ११ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून चिडले, रडले आणि रुचिराला नवे बूट घेऊन दिले. इतकी वर्षं सांगितलं नाहीत, म्हणून रविवारी भांडायला येतेय. काल पोरगी उड्या मारतच गेली, मागे वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी कडी लावताना माझा हात थांबला. तिचे बाबा, धाकटा हर्षद आणि मी. बाबा, मी मोजलं. एक माणूस कमी भरलं.

रागासकट माया असू द्या.

तुमची,
सुलक्षणा