चाळीस सेकंद

प्रिय ठमे,

फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि तू 'मीटिंगमध्ये आहे गं' म्हणून सुटली असतीस. म्हणून पत्र. आता मुकाट्याने वाच.

पक्षकारांची माहिती भरायच्या तुमच्या कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरचा चाचणी-अहवाल आमच्या मोफत कायदा मदत केंद्रात आला. खाली तुझी सही पाहून आधी ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग सातव्या पानावर डोकंच फिरलं. 'वापरकर्ती क्रमांक चार, ज्येष्ठ वकील. मोबाइल नंबरच्या रकान्याशी चाळीस सेकंद अडखळली. संगणकाची भीती. पुन्हा प्रशिक्षण द्यावे.' भीती? अगं, जी बाई तीस वर्षांत एकाही न्यायाधीशाला घाबरली नाही, ती तुमच्या रकान्याला घाबरेल? तुमच्या चित्रणात नुसती स्क्रीन दिसते, आवाजसुद्धा नाही. चाचणीपुरती समोर पक्षकार म्हणून तुमचीच एक मुलगी बसवली होती, पण सवय थोडीच जाते! घर सोडायच्या बेतात असलेल्या बाईचा नंबर लिहिण्याआधी आम्ही विचारतो, हा फोन कुणाच्या हातात असतो? बाई दाराकडे बघते, पर्सच्या चेनची उघडझाप करते आणि हळूच म्हणते, नवऱ्याच्या. मग आम्ही तिच्या बहिणीचा नंबर घेतो. याला वेळ लागतो.

तुम्ही मात्र ट्रेनर पाठवलात. दोन दिवस हातात घड्याळ घेऊन तो आमच्या डोक्यावर उभा. टकाटक भरा मॅडम, टकाटक! फॉर्म सेव्ह केला की पक्षकाराला आपोआप मेसेज जातो, हे त्याने असं सांगितलं, जणू स्वतःच्या मुलाचा निकाल सांगतोय. तो मेसेज थांबवता येतो का, असं आमच्या कारकूनबाईंनी विचारलं, तर म्हणाला, प्रश्न शेवटी. शेवटी चहा आला आणि सगळे पांगले.

गेल्या सोमवारी शिवणकाम करणारी एक पक्षकार आली. चैत्रात एकदा येऊन गेली होती, तेव्हा धीर झाला नव्हता. या वेळी क्रमांक चारने तिचा नंबर अकरा सेकंदांत भरला. स्क्रीनवर हिरवी खूण आली, 'शाब्बास' आलं. त्याच मिनिटाला तिच्या घरी, नवऱ्यासमोर पडलेल्या फोनवर मेसेज गेला: घटस्फोटाच्या सल्ल्यासाठी गुरुवारी अकरा वाजता यावे. गुरुवारी ती आलीच नाही. काल आली, बहिणीचा आधार घेत, डावा हात प्लास्टरमध्ये. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, फोन कुणाकडे असतो. या वेळी नाही विचारलंत. मला वाटलं, आता गरज नसेल."

क्रमांक चार मीच, ठमे. चाळीस सेकंदही माझे आणि अकराही माझेच. पुन्हा कुणी ढ म्हणू नये म्हणून मी थांबले नाही, याची मला अतोनात लाज वाटते. तिच्यासाठी राहायची सोय आज झाली आहे. माझा तक्रार अर्ज उद्या तुमच्याकडे पोचेल. पहिल्या ओळीत माझी चूक लिहिली आहे, दुसऱ्या ओळीत तुझी. तो वाचून मला फोन करू नकोस, रडू तर अजिबात नकोस. आधी तो मेसेज बंद कर.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
आई