मनगटाएवढं लाकूड

६ नोव्हेंबर
कमिटीत माझं नाव! मशीन निवडायची कमिटी — अनुराग सर, स्टोअरच्या प्रभा मॅडम आणि मी. नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालीत, तरी.

रिजवर, म्हणजे शहरातल्या जंगली टेकडीवर, छाटलेल्या कीकरच्या फांद्या आमच्या डेपोत येतात, त्यांचं जळण करून स्मशानांना जातं. आजवर अकरा माणसं कुऱ्हाडीनं तोडत आलीत. आता मशीन येणार.

त्या अकरांत बाबा आहेत. ऑफिसात कोणाला माहीत नाही. रुजू होताना मीच सांगितलं होतं — डेपोत ओळख दाखवू नका, लोक वशिला म्हणतील. "बरं बाई," म्हणाले. अजून पाळतात.

७ नोव्हेंबर
फॉर्ममध्ये रकाना होता: पुरवठादाराशी नातं आहे का? "नाही" लिहिलं. खरंच आहे ते. मग तीनदा का वाचलं?

११ नोव्हेंबर
दोन मशिनी उरल्यात.

छोटी: फांद्या पुढून घालायच्या, दोन रोलर आत ओढतात, पातं वीत-वीत तुकडे करतं. फांद्या ओढायला, घालायला, पोती भरायला माणसं लागतात. सहा तरी.

मोठी: ओंडका कापते आणि फाडतेही. कंपनीचीच दोन माणसं चालवणार. आपलं कोणी नको.

म्हणजे छोटी घेतली तर सहा जण राहतात. बाबा सर्वांत जुने, ते राहतातच. मोठी घेतली तर अकराही घरी.

हे मला माहीत नसतं तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर
जेवताना बाबांना विचारलं. फक्त लाकडाबद्दल.

"मनगटाएवढं लाकूड ते. फाडायचं काय त्यात? नुसतं तोडायचं. आणि ही वेडी बाभूळ सरळ कधी वाढते काय?" कीकरला ते वेडी बाभूळच म्हणतात.

म्हटलं, बाबा, कोणती मशीन घ्यायची ते मला सांगू नका.

हसले. "मी कुठं सांगतो? तू लाकूड विचारलं, मी लाकूड सांगितलं."

१८ नोव्हेंबर
डेपोत चाचणी. मोठ्या मशीनवाल्यानं लाकूड स्वतःच आणलं होतं — सफेद्याचे, म्हणजे निलगिरीचे ओंडके, सरळ, मांडीएवढे. सपासप कापले, फाडले. अनुराग सर खूश. मी म्हटलं, यात आपली कीकर घालून बघू. सर म्हणाले, "टाइम नहीं है, यार."

छोटीत मात्र कीकरच घातली. वाकडी, काट्यांसकट. घालायला बाबांनाच उभं केलं. फांदी कुठून धरायची, काटा कुठल्या अंगाला ठेवायचा — त्यांना सांगावं लागलं नाही. मशीन एकदाही अडली नाही. मी जवळ गेले तसे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैडम जी, पीछे हो जाइए. छिलका उड़ेगा."

मी म्हटलं, "ठीक है, भैया."

भैया!

घरी जेवायला बसलो. आईनं भरीत केलं होतं. बाबांनी माझ्या ताटात जास्त वाढायला लावलं.

२० नोव्हेंबर
गुण द्यायचेत. सरांचं मोठीवर ठरलंय — उद्घाटनाला फोटोत बरी दिसते. प्रभा मॅडम म्हणाल्या, "मुझे मशीन की समझ नहीं. जो तू लिखेगी, मेरा भी वही." म्हणजे सगळं माझ्यावर.

छोटीला ७८ दिले, मोठीला ६४. मग वाटलं, बाबा तिथे नसते तर हेच दिले असते? हो. नक्की? माहीत नाही. कसं कळणार? बाबा नाहीत अशी मी मला माहीतच नाही.

उद्या कोणाला कळलं तर म्हणतील, बापाची नोकरी वाचवली. हे लोक असेच, म्हणतील. शिकले तरी असेच.

२१ नोव्हेंबर
मोठीला ८१ केले. शेऱ्यात लिहिलं: "भविष्यात जाड लाकूड आल्यास उपयुक्त." जाड लाकूड येत नाही. येणारही नाही.

तीन प्रतींवर सह्या केल्या. आता कोणी बोट दाखवू शकणार नाही. झोप लागायला हवी.

९ जानेवारी
मोठी आली. झेंडूचे हार, नारळ, फोटो. अकरा जणांना सांगितलं, या महिन्यापर्यंतच. अनुराग सर मला म्हणाले, "बिल्कुल फेअर काम किया तुमने."

बाबा हार घातलेल्या मशीनकडे बराच वेळ बघत होते. मग कुऱ्हाड पुसून जागेवर ठेवली.

२ फेब्रुवारी
बाबा गुरुग्रामला एका सोसायटीत गार्ड म्हणून लागले. गणवेश खांद्यांत मोठा होतो. आलेल्या माणसाचं नाव वहीत लिहायचं असतं — त्यांना लिहिता येत नाही. पगारालाही अंगठाच देतात. माणसालाच वही देऊन लिहायला लावतात म्हणे. आईला हसत सांगत होते.

१९ फेब्रुवारी
कीकर मशीनच्या ओंडका ठेवायच्या सरळ पन्हाळीत बसतच नाही. वाकडी ना! दर चौथ्या फांदीला अडकते. आता मशीन रिकामी दिसू नये म्हणून बाहेरून सफेद्याचे ओंडके मागवतात. कीकरचा ढीग कुंपणाच्या वर गेलाय.

२० फेब्रुवारी
बाबांनी विचारलं, मशीन चालते ना? म्हटलं, चालते.

५ मार्च
चहाच्या वेळी प्रभा मॅडमनी विचारलं, "पापा कैसे हैं? गार्ड की नौकरी में मन लगा?"

"आपको किसने बताया?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "स्टोर में आने से पहले तेरी फ़ाइल मैंने ही बनाई थी, बेटा. तुम लोगों में बीच में बाप का नाम आता है न? हर काग़ज़ पर है. डेपो में शांताराम एक ही था." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "कमिटी में तेरा नाम मैंने इसीलिए डाला था. सोचा, उनकी बेटी है, लकड़ी पहचानेगी."

घरी येऊन माझी प्रत काढली. तिन्ही प्रतींवर पूर्ण नावानं सही केली होती. हेमांगी शांताराम वाहाणे. बाबांना स्वतःचं नाव लिहिता येत नाही. मोठ्या मशीनखाली ते मी तीनदा लिहून दिलं.