देशाच्या गाठी आणि आमचे सासरे

४ फेब्रुवारी
लिम्फोमाचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. लसिकाग्रंथींच्या या कर्करोगाचा कुठला प्रकार देशात किती, याचा हिशेब आमच्या कर्करोग नोंदणी कार्यालयाने यंदा लावायचाय. घरी बोलून चुकले! सासरे स्वतः त्यातलेच. त्यांचा फॉलिक्युलर. संथ, औषध नाही, नुसती नजर ठेवायची. जेवताना विचारतात, "आमचा नंबर कितवा?"

७ फेब्रुवारी
दुसरा, म्हटलं. मोठ्या पेशींचा प्रकार पहिला, तोही बराच पुढे. सासऱ्यांनी ताट सारलं. लिम्फोमा रुग्ण मंडळाचे अध्यक्ष ना ते! तिथे पुढच्या खुर्च्यांवरून आधीच कुरबुर. मोठ्या पेशीवाले म्हणतात, आम्ही केमो सोसली, हे फुकटचे आजारी.

८ फेब्रुवारी
घरात 'दुसरा' हा शब्द काढायचा नाही — सासूबाईंचं फर्मान.

१९ फेब्रुवारी
आमच्याच शहरात फॉलिक्युलर भरमसाट. सासरे खूश, गावाने लाज राखली म्हणे. पण आमचे पॅथॉलॉजिस्ट सर ताकही फुंकून पिणारे. इथल्या एका जुन्या लॅबने गाठींचे तुकडे तपासलेल्या सगळ्या काचा, म्हणजे स्लाइड्स, त्यांनी फेरतपासणीला मागवल्यात. हे घरी बोलले नाही. एकदा पोळले तेवढं पुरे.

५ मार्च
सरांनी खोलीत बोलावून दार लावलं. त्या लॅबने साध्या सुजेच्या कितीतरी गाठी फॉलिक्युलर ठरवल्या होत्या. त्यांत सासऱ्यांचीही.
"त्यांना लिम्फोमा नाही. कधीच नव्हता."
मी वेड्यासारखी हसत सुटले. सर घाबरून पाणी आणायला धावले.

संध्याकाळी सासऱ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून नीट समजावलं. सासूबाई रडल्या, नवरा रडला. घरी आल्यावर सासरे मला म्हणाले, मंडळाला काय तोंड दाखवू? थोड्या वेळाने पुन्हा आले. आता फॉलिक्युलर तिसऱ्या नंबरावर जाणार का?
जाईलही, म्हटलं.
"बिचारे," म्हणाले.

७ मार्च
राजीनामा घेऊन गेले, तसाच घेऊन परत आले. मंडळ म्हणालं, धावपळ करू शकणारा अध्यक्ष आम्हाला आयता मिळतोय, सोडतो कशाला! मोठ्या पेशीवाल्यांनी उठून पुढची खुर्ची दिली म्हणे, पाहुण्याला देतात तशी. सासऱ्यांना ते बोचलंय.

८ मार्च
सकाळी स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच विचारत होते, "दात बसवून घेऊ का गं आता? इतकी वर्षं वाटायचं, कशाला उगीच."