हमीदाआपांचा सोनचाफा

१३ जानेवारी २०१५, जबल अख्दर

सोनचाफ्याची सगळी पानं आज सकाळी काळी पडलेली. कुंडी आम्हा दोघांना उचलेना, म्हणून गोणपाट गुंडाळून पायरीशीच ठेवली होती. रात्री बर्फासारखं दव पडलं. खाली आखाताच्या किनाऱ्यावर, अल हैलच्या उकाड्यात वाढलेलं झाड. यांची बदली या डोंगरावरच्या हॉटेलात झाली तेव्हा मीच हट्टानं आणलं. का आणलं?

आणि नेमका दुपारी हमीदाआपांचा फोन. अल हैलच्या आमच्या शेजारीण. आजारपणामुळे रत्नागिरीला कायमच्या परत गेल्या, तेव्हा चाफा माझ्या हवाली केला होता.

"काय गो, चाफा बरा आहे मा?" आवाज किती खोल गेलाय.

मी नखानं खोड खरवडत होते. साल निघाली, आत हिरवं काही नाही, तपकिरी. आणखी खाली खरवडलं, तिथंही तपकिरीच.

"बरा आहे आपा. थंडीनं थोडी पानं गळलीत."

"कळी आली की फोटो धाड."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्यांच्या लेकीनं फोन घेतला, बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. महिनाभर म्हणतात."

संध्याकाळी हॉटेलच्या माळ्याला बोलावलं. त्यानंही खोड खरवडून पाहिलं. "भाभी, जड़ में जान होगी तो मार्च में फूटेगा. तब तक कुछ मत करो."

मार्च! त्याच्या आधी का नाही, म्हणून मी त्याच्याशी भांडलेच. तो बिचारा गोणपाट पुन्हा खोडाभोवती गुंडाळू लागला.