बारा डोकी, खुशामत बंद

३ मार्च, सोमवार
गॅलरीवालीचा होकार आला. पुढच्या महिन्यात प्रदर्शन: बारा डोकी. शेकडो वर्षं चित्रकारांनी राजेरजवाडे आणि शेटजींची थोबाडं गोड करून रंगवली. शिसारी येते. मी त्याच जुन्या पद्धतीने, काळ्या बॅकग्राउंडवर, एका बाजूच्या उजेडात रंगवणार, पण खरं. खुशामत बंद.

४ मार्च
बायकोला बसवलं. दहा मिनिटांत विचारते, हनुवट्या दोन का? म्हटलं, आहेत म्हणून. मॉडेल उठून गेलं. रात्री जेवण थंड.

९ मार्च, रविवार
सासरे आले. स्वतःहून, इस्त्रीचा शर्ट घालून! काय ते डोकं: कानांत केस, डोळ्यांखाली पिशव्या, लोंबता ओठ. बघून बघून ब्रश खाली ठेवला. त्यात खुर्चीतच झोपले, घोरले. कॅनव्हास कोराच. उठल्यावर सांगितलं, आज उजेड नीट नाही.

१६ मार्च
शेजारी, न्हावी, दातांचा डॉक्टर. सगळे उकडलेले बटाटे. निर्णय: चेहरे काढायचेच नाहीत. डोकी फक्त मागून. परंपरेकडे पाठ! (ही ओळ कॅटलॉगमध्ये घालणे.)

२१ मार्च
चार दिवसांत अकरा डोकी. स्वतःच्या वेगाने थक्क. गॅलरीवाली येऊन म्हणाली, रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं. अडाणी बाई. तिची अट: बाराव्याला तरी चेहरा हवा, नाहीतर प्रदर्शनाची तारीख दुसऱ्या कुणाला. गेल्या वर्षीही अशीच हातची गेली होती. पुन्हा नाही.

२२ मार्च
आरसा घेतला. अखेर रंगवण्यालायक डोकं! सहा तास बसलो. दिसलं ते रंगवलं, कुठेही गोड केलं नाही, गरजच नव्हती. वय दिसत नाही, फक्त तेज. बायको बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, शेवटी तुला माणूस दिसला. डोळ्यांत पाणी. कलेची ताकद.

५ एप्रिल, शनिवार. उद्घाटन
अकरा डोक्यांपुढून लोक चालत गेले. बाराव्यापुढे थांबले. सासरेही थांबले. चष्मा लावला, मग भर गॅलरीत माझा हात धरला. म्हणाले, जावईबापू, त्या दिवशी मी झोपून गेलो, तरी किती नीट लक्षात ठेवलंत मला. बायको मागे डोळे पुसत होती. गॅलरीवालीने त्यांना चित्राशेजारी उभं करून फोटो काढला. टाळ्या.
खालच्या पाटीवर 'मी' लिहिलं होतं. कुणी वाचायच्या आत काढून खिशात घातली.