बेटांचा एक मार्क

नाना, "बेट कुणाचं ते नंतर बघू, आधी ते कुठे आहे ते दाखव," असं तुम्ही आमच्या नववीच्या वर्गात म्हणाला होतात. पेपरात कुठल्याशा बेटावरून दोन देशांचं भांडण गाजत होतं आणि मागच्या बाकावरची मुलं तावातावाने बोलत होती. तुम्ही त्यांच्या हातात खडू दिलात. फळ्यावरच्या समुद्रात एकालाही ते बेट सापडलं नाही. त्याच वर्षी सहामाहीला मी लक्षद्वीप विसरले. तुम्ही जुन्या एक्स-रे फिल्ममधून ब्लेडने भारताचा नकाशा कापला होता, सगळा वर्ग तोच कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायचा. बेटं त्यात नव्हती, ती हाताने टिंब टिंब देऊन काढायची. "तुमच्या नकाशातच नाहीत," मी म्हणाले, तर सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "सरांची मुलगी म्हणून ती आपोआप उगवणार नाहीत." एक मार्क गेला. घरी आईने तुमची बाजू घेतली, याचा राग मला जास्त आला होता.

गेल्या महिन्यात इथे आयर्लंडात, क्लोनडॉकिनच्या आमच्या स्वयंपाकघरात तुमची नात रडत बसली होती. ती दहा वर्षांची आहे, मराठी समजते, उत्तरं मात्र इथल्या इंग्रजीत देते. शाळेत तिला आणि तिच्या मैत्रिणीला मिळून समुद्राचा एक तक्ता करायचा होता. मैत्रीण दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून आलेली, आमच्या शेजारीच राहते. अटलांटिकमध्ये रॉकऑल नावाचा एक उघडा खडक आहे. ब्रिटन म्हणतं तो आमचा, आयर्लंडला ते मान्य नाही, आणि मधल्या मधे डॉनेगलच्या कोळ्यांना त्याच्याजवळ मासे धरता येत नाहीत. आमच्या लेकीने तो हिरवा, म्हणजे आयर्लंडचा रंगवला. मैत्रिणीने खोडून स्कॉटलंडचा निळा केला. कागद फाटला, आणि त्या दिवसापासून ही डबा एकटी खाते. "इट्स ग्रँड, आई," म्हणते, म्हणजे सगळं ठीक आहे. ग्रँड काही नव्हतं. "तो आपला आहे," असंही ती म्हणाली, आणि हा 'आपला' ऐकून मी जराशी थबकले. माझ्या पासपोर्टवर अजून अशोकस्तंभ आहे.

मी शेजारच्या दारावर गेले आणि तक्ता नव्याने करायला मुलीला पाठवा म्हणाले. ती आली, पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी शंकरपाळ्यांचा डबा मधे ठेवला, कोरा कागद पसरला आणि विचारलं, "रंग राहू दे. खडक आहे कुठे?" आमचीने डॉनेगलच्या किनाऱ्याला चिकटून बोट ठेवलं, तिने स्कॉटलंडच्या. मग अक्षांश-रेखांश शोधले, पट्टीने मोजलं, एकीने पट्टी धरली, दुसरीने रेघ ओढली. दोघींच्या बोटांपासून कितीतरी लांब, भर समुद्रात, पेन्सिलचं टोक टेकलं.

"एवढाच?" स्कॉटलंडची मैत्रीण म्हणाली.

"यात रंग कुठे भरायचा?" आमची.

"तूच भर. तुझा आहे ना?"

"नको, तुझा आहे ना? पावसात तूच जाऊन बस त्याच्यावर!"

आणि दोघी हसायला लागल्या, नाना. भांडण मिटलेलं नाही. कोळ्यांचं काय, यावर त्या अजून तणतणतात, पण आता एका बाकावर बसून. तक्त्यावर काळं टिंब आहे आणि बाजूला दोघींच्या अक्षरात अर्धं अर्धं लिहिलेलं एक वाक्य, की हा कुणाचा ते अजून ठरायचं आहे.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर तुमचं कपाट आवरताना दादाने त्या एक्स-रेच्या नकाशाबद्दल विचारलं होतं, आणि मी म्हणाले, सापडला नाही. तो माझ्याकडे आहे. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, त्यात चहाच्या डब्यांमागे उभा ठेवलाय, आणि हे पत्रही तिथेच त्याला टेकवून ठेवणार आहे. तुम्हाला एकच मागणं आहे. सहामाहीचा तो एक मार्क आता तरी द्या. देणार नाही, ठाऊक आहे मला. म्हणाल, टिंब त्या मुलींनी दिलं, तू कुठे दिलंस?